इकालुइट ते रेझोल्यूट बे: 3,174 चे 1,575 कसे झाले

नकाशावरच्या दोन ठिकाणांमधलं हवाई अंतर वहीत काढायचा मला नाद आहे. मागच्या नोंदीत कोल्हापूर–मुंबई काढलं होतं. अक्षांश-रेखांशांतल्या फरकांवर पायथागोरस लावला, 111 ने गुणलं (एका अंशाचे साधारण 111 किलोमीटर धरून), 312 किलोमीटर आले. खरं हवाई अंतर सुमारे 309. एवढं जवळ आल्यावर हुरूप वाढला आणि या रविवारी थेट कॅनडाच्या उत्तरेला हात घातला. नुनावुतची राजधानी इकालुइट, आणि तिथून आणखी वर, कॉर्नवॉलिस बेटावरचं रेझोल्यूट बे. रेझोल्यूटच्या इनुइट, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या, नावाचा अर्थ ‘जिथं पहाट होत नाही अशी जागा’. धावपट्टीसुद्धा डांबरी नाही, खडीची.

तीच रीत वापरली. उत्तर आलं 3,174 किलोमीटर.

खात्री करायला पृथ्वीगोल काढला. 30 सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण 425 किलोमीटर. आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा दोन ठिपक्यांवर ताणून धरला, नखानं खूण केली, पट्टीवर ठेवला: 3.7 सेंटीमीटर. म्हणजे जेमतेम 1,570! वहीतला आकडा दुपटीनं चुकला होता.

चूक रेखांशात होती. आपल्याकडे, कोल्हापूरच्या 16.7 अंशांवर, रेखांशाचा एक अंश साडेएकशेसहा किलोमीटर भरतो, म्हणून ढोबळ रीत खपून जाते. रेझोल्यूटच्या 74.7 अंशांवर तोच अंश आक्रसून 29 किलोमीटरवर येतो. मग गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर देणाऱ्या हॅवरसाइन सूत्रानं पहिल्यापासून मांडलं: 1,575 किलोमीटर, म्हणजे विमानांसाठी वापरतात त्या मापात 850 नॉटिकल मैल. दोऱ्यानं मला वाचवलं. नव्यानं हा नाद लागलेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, कॅल्क्युलेटरच्या आधी दोरा ताणा.

दिशा काढताना तर मी खुर्चीतून उठलोच. इकालुइटहून निघताना रोख 331 अंश, रेझोल्यूटला पोचताना 306. विमान सरळ, सगळ्यात जवळच्या वाटेनं जातंय आणि तरी रोख पंचवीस अंशांनी डावीकडे सरकतो. हे अंश खऱ्या उत्तरेपासूनचे, म्हणजे भौगोलिक उत्तर ध्रुवाच्या दिशेपासूनचे. चुंबकीय ध्रुव जवळ असल्यानं त्या भागात होकायंत्राचा भरवसा नसतो, म्हणून कॅनडाच्या उत्तरेकडच्या हवाई हद्दीत वैमानिक खरी उत्तरच धरतात.

आता वेळ. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर उतरतं तसलं एटीआर, पंख्याचं छोटं प्रवासी विमान, डोळ्यांपुढे ठेवून 270 नॉट (ताशी 270 नॉटिकल मैल) वेग धरला. वारा नसेल तर 3 तास 9 मिनिटं, शिवाय चढण-उतरणीची पंधराएक मिनिटं वेगळी. समोरून 30 नॉटचा वारा असेल तर 3 तास 32, परतीला तोच पाठीशी आला तर 2 तास 50. जाताना गेलेलं येताना भरून निघेल असं मी धरून चाललो होतो. बेरीज केली तर जाऊन-येऊन 6 तास 22 मिनिटं, आणि वारा नसताना 6 तास 18. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, पाठीच्या वाऱ्याचा फायदा कमी वेळ मिळतो, म्हणून ती चार मिनिटं कधीच परत येत नाहीत.

पुढच्या रविवारी हाच मार्ग चार तुकड्यांत पाडून प्रत्येक तुकड्याचा रोख वेगळा काढणार आहे. दोरा डब्यात परत ठेवलेला नाही.