एका कॉइलचे तीन आकडे : भारवाढीचा माझा अनुभव

आमच्या भाजणी यंत्राची एक कॉइल किती वॅटची, एवढ्या एका प्रश्नावर वीज कार्यालयानं माझी भारवाढीची, म्हणजे जोडणीवर जास्त वॅट मंजूर करून घेण्याची, फाइल अडवून धरली होती. अर्ज, आधार, जागेचे कागद हे सगळं विनातक्रार पार पडलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अजून डोकं तापतं ते या कॉइलवरून.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचा मसाला कांडपाचा डंक आहे. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला बायका पिशव्या घेऊन रांगा लावतात आणि हल्ली प्रत्येकीला मिरची, खोबरं, धणे भाजूनच हवं असतं. म्हणून उद्यमनगरातून विजेवरचं, फिरत्या ड्रमचं यंत्र करून घेतलं. त्याला तीन कॉइल. करणारे म्हणाले, "ताई, एकेक दोन किलोवॅटची हाय, बिनघोर वापरा." पाटी-बिटी काही नाही. जुन्या सिंगल फेजवर एका वेळी एकच कॉइल चालायची, दुसरी लावली की एमसीबी पडलीच. म्हणून थ्री फेज आणि दहा किलोवॅट मंजूर भार मागितला.

मोटारींचा हिशेब सरळ होता. डंकाच्या मोटारीवर तीन एचपीची पाटी आहे. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, झाले २२३८. कॉइलला पाटी नाही म्हणून अर्जात मी करणाऱ्यांच्या शब्दावर २००० वॅट लिहिले. परवानाधारक वायरमनदादा चाचणी अहवालासाठी आले ते संध्याकाळी. त्या वेळी आमच्या गल्लीत पाणी चढवायच्या मोटारी सुरू असतात. व्होल्टेज भरलं २०५, करंट ७.७ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, साधारण १५८०. त्यांनी मोजलं तेच प्रामाणिकपणे लिहिलं. मग टेबलवरच्या साहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, अहवालातला ७.७ उचलला आणि सवयीनं २३० नं, म्हणजे कागदोपत्री ठरलेल्या व्होल्टेजनं, गुणला : १७७१. फाइलवर लाल शेरा पडला, 'भार जुळत नाही.'

"मॅडम, यातला खरा कुठला?"

"साहेब, २००० आणि १५८० दोन्ही खरे. तुमचा तेवढा नाही." हे वाक्य मी बोलायला नको होतं असं घरचे म्हणतात. मला अजून तसं वाटत नाही.

कारण गोष्ट अगदी साधी आहे. ७.७ अँपिअर हा करंट २०५ व्होल्टला वाहत होता. त्याला २३० नं गुणणं म्हणजे संध्याकाळचा करंट आणि कागदावरचं व्होल्टेज यांचं लग्न लावणं. कॉइलमध्ये जवळपास कायम राहतो तो तिचा रोध, म्हणजे तार करंटला करते तो अडथळा. व्होल्ट भागिले अँपिअर : २०५ भागिले ७.७ म्हणजे २६.६ ओहम. आता २३० चा वर्ग करा, ५२९००, त्याला २६.६ नं भागा. उत्तर येतं १९८९ वॅट. म्हणजे यंत्र करणाऱ्यांचा शब्द खरा होता.

हे मी कोऱ्या कागदावर मांडून दिलं. साहेबांनी कागद उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाले, "हे सूत्र वरिष्ठांकडून मंजूर करून आणा." जॉर्ज ओहमनं १८२७ साली जर्मनीत छापलेला नियम, आणि मी त्याला मंजुरी आणायची! राजाराम कॉलेजात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं ते या दिवसासाठी, असं मनात म्हणत खुर्चीत बसून राहिले. जेवणाची सुट्टी झाली, साहेब जेवून आले, मी तिथंच. पुढच्या खेपेला उपअभियंता जागेवर सापडले. त्यांनी कागद वाचला, "म्हणजे २३० ला दोनच की," म्हणाले आणि सही केली. इतका वेळ अडलेलं काम उभ्या-उभ्या झालं, त्यामुळे आनंदापेक्षा रागच जास्त आला.

कुणाला असं मोजून घ्यायचं असेल तर व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी, कॉइल चालू असताना, तिच्या टोकांशी मोजायला सांगा आणि दोन्ही मीटर एका फोटोत येऊ द्या. काम परवानाधारक माणसाचंच आहे, उघड्या टोकांशी आपण खेळू नये. करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरच्या चिमट्यात एकच वायर हवी. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो.

ही युक्ती मोटारीला मात्र लावू नका. मोटारीच्या व्होल्ट-अँपिअरच्या गुणाकारात पॉवर फॅक्टरही (त्या गुणाकारातला किती हिस्सा खरे वॅट, तो आकडा) धरावा लागतो, आणि मल्टिमीटरनं वाइंडिंगचा रोध मोजून भागाकार केलात तर भलताच करंट येईल. जुन्या पिवळ्या बल्बचंही तसंच. १०० वॅटच्या बल्बचा रोध पेटल्यावर ५२९ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. हीटरच्या नायक्रोम तारेत हा फरक किरकोळ असतो, म्हणून तिथं हिशेब जमतो.

एक राहिलंच. संध्याकाळी मिरची भाजायला वेळ का लागतो हे मला याच हिशेबात कळलं. व्होल्टेज २३० वरून २०५ वर आलं, म्हणजे ११ टक्के पडलं, पण उष्णता वर्गाच्या हिशेबानं २१ टक्के घटली. तेव्हापासून भाजणीची कामं मी सकाळीच उरकते. आणि उद्यमनगरात यंत्र करायला टाकणार असाल तर व्होल्ट आणि वॅट पत्र्यावर ठोकून घ्या. आमच्या यंत्राला नंतर ठोकून घेतले, त्याचे वेगळे पैसे कुणी मागितले नाहीत.