पस्तिशीनंतरचं बाळंतपण आणि नऊ तारीख
आज ९ तारीख. दर महिन्याला या दिवशी सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते. चोपड्यापासून धडगावपर्यंत आज सगळीकडे रांगा. पस्तिशीपुढची कुणी असली की लगेच कुजबुज, 'या वयात?' कुजबुजीने काही होत नाही, तपासण्यांनी होतं.

साखरेची तपासणी पहिल्याच भेटीत, मग २४ ते २८ आठवड्यांत. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, ५-१० मिनिटांत प्यायचं. दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा. बऱ्याच जणी हे सांगतच नाहीत.

बाळाला डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असण्याची शक्यता पंचविशीत साधारण १,२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक, चाळिशीत १०० त एक. म्हणजे चाळिशीतही ९९ बाळांना तो नसतो! ही शक्यता पाहणारी डबल मार्कर ही रक्ततपासणी आणि बाळाच्या मानेमागची सोनोग्राफी ११ ते १३ आठवड्यांतच; तो काळ हुकला की हुकला.

बीपी १४०/९० च्या वर, डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं: 'उन्हाचं असेल' म्हणून कांद्याचा रस चोळत बसू नका. १०८ लावा. सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या बायांनी बाळंतपणाच्या तारखेच्या आठवडाभर आधीच दवाखान्याजवळ मुक्कामी यावं.

आणि हो, लोहाची गोळी चहासोबत नको, कॅल्शियमसोबतही नको. लिंबूपाणी चालेल.