आम्ही, आपण आणि तो

बुधवार, रात्री

एरिक मारिया रेमार्कची पहिल्या महायुद्धावरची जर्मन कादंबरी पुन्हा हातात घेतली आहे. नोव्हेंबर १९२८पासून बर्लिनच्या ‘फोसिशे त्साइटुंग’ या वर्तमानपत्रात ती क्रमशः येऊ लागली, जानेवारी १९२९मध्ये पुस्तक निघालं आणि मे १९३३मध्ये नाझींनी पेटवलेल्या पुस्तकांच्या होळीत गेलं. जर्मन नावाचा सरळ अर्थ ‘पश्चिमेला नवीन काही नाही’. इंग्रजीत त्याचं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ झालं. शांतता आली, पण लष्करी अहवालाचा सरकारी कोरडेपणा गेला. आपल्याकडे पत्राच्या शेवटी ‘बाकी विशेष काही नाही’ लिहितात, ते मूळ नावाच्या जास्त जवळ जातं.

वाचताना हाताशी पेन्सिल ठेवावी आणि समासात फक्त आकडे टिपावेत. सुरुवातच भरल्या पोटाने होते. गोमांस घालून शिजवलेला पांढरा घेवडा, सॉसेज आणि पाव दुप्पट, शिवाय माणशी दहा सिगार, वीस सिगारेटी. चंगळ कशामुळे? शिधा आला होता दीडशे जणांचा आणि आघाडीवरून परतले ऐंशी. आचारी आधी वाढायलाच तयार नसतो. हिशेब दीडशेंचा, मग ऐंशींना सगळं कसं द्यायचं? कंपनी कमांडरने सांगितल्यावर वाटप होतं. मेलेल्यांसाठी कुणी उसासा टाकत नाही, पोरं जेवून सुस्तावतात. शोक करायचं काम लेखकाने वाचणाऱ्यावर टाकलं आहे. सहाव्या प्रकरणाच्या शेवटी हजेरीला बत्तीस. शेवटच्या प्रकरणात गोष्ट सांगणारा तरुण सैनिक पाउल बॉयमर म्हणतो, वर्गातल्या इथल्या सात जणांत मी शेवटचा.

नव्या रंगरुटांची पानं सावकाश वाचावीत. एका जुन्या सैनिकामागे पाच ते दहा रंगरूट पडतात, आणि का ते नेमकं दिलं आहे. कुठला गोळा लांब जाणार, कुठला जवळ फुटणार, हे आवाजावरून त्यांना कळत नाही. पांगायचं सोडून घोळका करतात. विषारी वायू खोलगट जागी सर्वात जास्त वेळ रेंगाळतो हे ठाऊक नसतं. वरच्या माणसांनी मास्क काढलेले दिसले की खड्ड्यातले आपलेही काढतात आणि फुप्फुसं जाळून घेतात. गणवेश अंगावर लोंबतात, कारण इतक्या लहान मापाचे कुणी शिवलेलेच नाहीत. देशभक्तीवर व्याख्यान देणाऱ्या कान्टोरेक मास्तरांवर पानंच्या पानं आहेत, पण मला त्या मापाच्या वाक्याने जास्त बोचलं.

पाउलचा वर्गमित्र केमेरिख याच्या बुटांबद्दल सगळेच लिहितात, म्हणून एवढंच: मऊ पिवळ्या कातड्याचे, गुडघ्यापर्यंतचे इंग्लिश बूट. केमेरिख गेल्यावर दुसरा वर्गमित्र म्युलरकडे, म्युलर गेल्यावर पाउलकडे. पाउलनंतर ते सोबतचा सैनिक टियाडेनला द्यायचे, हेही ठरलेलं.

आता खरी गंमत, आणि ती मराठी वाचणाऱ्यालाच दिसेल. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्हींसाठी जर्मनला एकच शब्द, ‘वीर’. कादंबरीभर तो ‘आम्ही’ आहे: आम्ही एकोणीस वर्षांची पोरं, आणि बाहेर बाकी सगळे, मास्तर, घरचे, समोरचा शत्रूही. नवव्या प्रकरणात मात्र पाउल ज्याला भोसकतो, त्या फ्रेंच सैनिकाशेजारी खड्ड्यात अडकून पडतो. माणूस तासन्‌तास घरघरत मरतो. खिशातल्या पाकिटात बायको-मुलीचे फोटो, नाव जेरार द्युव्हाल, व्यवसाय छपाईचा. त्या प्रेताशी बोलताना पाउल म्हणतो की मरणाची भीती सगळ्यांना सारखीच. तिथे भाषांतर करणाऱ्याला ‘आपण’ लिहावंच लागेल. ‘आम्ही’ लिहिलं तर प्रसंगच बुडाला. हे ‘आपण’ टिकत नाही, हेही लेखकाने लपवलेलं नाही. परतल्यावर मित्र त्याला नेमबाज दाखवतात, जो आपले टिपलेले बळी मोजतो आहे, आणि पाउल पुन्हा ‘आम्ही’त शिरतो.

अगदी शेवटी दोन छोटे परिच्छेद वेगळे आहेत. पुस्तकभर बोलणारा मुलगा तिथे गप्प आहे, दुसरंच कुणी सांगतंय: तो ऑक्टोबर १९१८मध्ये पडला. त्या दिवशीच्या लष्करी अहवालात पश्चिमेला नवीन काही नव्हतं. नुसतं ‘तो’. पाउल हे नावही तिथे नाही.