घोडी किती टनाची, हे नंतर विचारा

जॅकनं उचललेली गाडी ज्यावर टेकवून ठेवतात त्या लोखंडी तिवईची, म्हणजे जॅक स्टँडची, दोन हजारांच्या आतबाहेर मिळणारी जोडी घ्यावी का, असं मला बरेच जण विचारतात. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत इन्स्पेक्शनला आहे आणि सुट्टीदिवशी माझी जुनी अल्टो दारात अर्धी उघडलेली असते, म्हणून असेल. त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला. "दोन टनाची घेऊ का तीन टनाची?" आमच्याकडं गॅरेजात हिला घोडी म्हणतात, मीही तेच म्हणणार.

टनाचा हिशेब आधी उरकून टाकतो. अल्टोचं वजन ७५० किलोच्या आसपास. इंजिन पुढं, त्यामुळं साधारण ६० टक्के भार पुढच्या चाकांवर, म्हणजे ४५० किलो. पुढून उचलून दोन घोड्यांवर ठेवली की एकीवर सव्वादोनशे किलो आले. बोलेरोसारखी धिप्पाड गाडी घेतली तरी एका घोडीवर पाचशे किलोच्या आतच भार येतो. काही कंपन्या खोक्यावर लिहिलेले ३ टन जोडीला मिळून धरतात, काही एकीला. ते बारीक अक्षरात असतं, वाचून घ्या. पण कसंही धरलं तरी घोडीची ताकद पुरून उरते. पिनच्या घोडीतली, म्हणजे भोकात आडवी पिन घालून दांड्याची उंची ठरते तिच्यातली, १६ मिलिमीटरची साध्या लोखंडाची पिन घ्या. ती तुटायची तर दोन ठिकाणी कातरली गेली पाहिजे, आणि नुसती कातरायला लागायलाच जवळजवळ सहा टनांचा जोर हवा. तेवढा भार आपल्या गाडीतनं कुठनं येणार?

तर घोडी दबून मोडेल ही भीती मी पहिल्या नंबरला धरत नाही. घोडी घात करते ती दुसऱ्याच रीतीनं. गाडी वरून सरकते, घोडी जमिनीवर कलते, नाहीतर खटक्याच्या घोडीत दातेरी दांड्याला अडवून धरणारा खटका दात्यात पुरता बसलेला नसतो आणि जरा धक्का लागला की सुटतो. यातलं काहीच खोक्यावरच्या टनात दिसत नाही.

२०२० साली अमेरिकेत हार्बर फ्रेट या हत्यारं विकणाऱ्या मोठ्या साखळीनं आपल्या पिट्सबर्ग नावाच्या ३ आणि ६ टनी घोड्या परत मागवल्या. सगळ्या मिळून १७ लाखांच्या आसपास नग. कारण काय दिलं? कारखान्यातलं टूलिंग, म्हणजे माल बनवायचे साचे-हत्यारं, जुनं झालं, झिजलं, त्यामुळं काही नगांत खटका दात्यात पुरेसा खोल बसत नव्हता. हे वाचल्यावर आमच्या डिपार्टमेंटात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. पॅटर्न (साचा करायचा नमुना) झिजला की कास्टिंगची, म्हणजे ओतलेल्या नगांची, मापं सरकतात, आणि पहिल्या हजार नगांत सापडत नाही ते पुढच्या लाखात निघतं, हे आम्ही रोज बघतो. खरी गंमत पुढं आहे. त्या बदली जी ३ टनी घोडी विकायला ठेवली, तिच्यातल्या काही नगांत वेल्डिंगचा दोष निघाला आणि त्याच वर्षी तीही परत मागवावी लागली. आता विचार करा, तिकडं निदान परत मागवायची व्यवस्था आहे आणि नगावर नंबर आहे. आपण ऑनलाइन घेतो त्या जोडीवर कित्येकदा बनवणाऱ्याचं नाव सुद्धा नसतं. कोण कुणाला परत बोलावणार?

म्हणून तपासणी आपणच करायची. माझ्या भाच्यानं अशीच एक बिननावाची जोडी मागवली आणि थेट माझ्याकडं घेऊन आला. "मामा, तुमच्या लॅबमधल्या यूटीएमवर चिरडून बघूया की!" यूटीएम म्हणजे नग दाबून-ओढून ताकद मोजायचं यंत्र. पोराला तमाशा हवा होता. मी म्हटलं, उभा दाब दिलास तर पासच होईल ती, आणि तू खूश होऊन घरी जाशील. त्यापेक्षा इकडं ये.

आधी दोन्ही घोड्या सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या एकदम सपाट पाटावर, ठेवल्या. एक चारही पायांवर बसली. दुसरी डुगडुगली, एका पायाखाली फट मोजायच्या फीलर गेजचं जाड पान सहज गेलं. मग प्रशियन ब्ल्यू काढला. दोन भाग एकमेकांत नीट बसतात का बघायला आम्ही वापरतो तोच निळा रंग. खटक्याच्या तोंडाला पातळ लावला, दांडा दात्यात बसवला, वरून हातानं दाबला आणि परत काढला. पहिल्या घोडीत दात्याच्या सगळ्या रुंदीवर निळा डाग उमटला. दुसरीत फक्त डाव्या कोपऱ्यात, नखाएवढा. खटक्याची पिन ज्या भोकातनं जाते ते भोकच तिरपं पडलं होतं, आणि वरनं इतका जाड रंग मारलेला की दात्यांच्या खोबणीत रंगाचे थर साचलेले. भाचा बघतच राहिला. दोन्ही एकाच खोक्यातल्या, एकाच मापाच्या, दिसायला जुळ्या. जोडी परत पाठवली. पैसे आले परत, त्याबद्दल तक्रार नाही.

ब्ल्यू घरी नसणार, चालतंय. मुलाच्या कंपासमधला खडू घासा, नाहीतर लिपस्टिक. फक्त बायकोला विचारून.

दांडा ओतीव असेल तर अजून एक गोष्ट करा. तो बाहेर काढून दोरीला टांगा आणि लहान हातोडीनं टिचकी द्या. एसजी आयर्न, म्हणजे चिवट जातीचं ओतीव लोखंड, घंटेसारखं वाजतं, आवाज रेंगाळतो. ग्रे आयर्न, म्हणजे साधं ठिसूळ ओतीव लोखंड, बद्द वाजून लगेच गप्प होतं. ग्रे आयर्न दाब सोसतं, पण आडवा हिसका बसला की वाकत नाही, सरळ तुटतं. घोडीला ते नको. भेग गेलेला दांडाही असाच बद्द वाजतो, म्हणजे एका टिचकीत दोन कामं. वेल्डिंग बघताना रंगाखालचा टाका सलग आहे का, कडेला पत्रा खाऊन खाच पडलीय का, नुसते ठिपके मारून सोडलंय का, एवढं बॅटरी लावून बघितलं तरी पुष्कळ. आणि जुन्या घोडीला हौसेनं परत रंग मारू नका. भेग पडली तर आधी रंगावर केसासारखी रेघ दिसते, नवीन रंगाखाली ती झाकली जाते.

आता जमीन. आपल्या कोल्हापुरात हाच भाग सगळ्यात कच्चा आहे. बंगल्यासमोर पेव्हर ब्लॉक घातलेले असतात, खाली वाळू. घोडीचा एक पाय दोन ब्लॉकच्या सांध्यावर आला की पावसाळ्यात तो ब्लॉक खाली बसतो. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर फरशी तडकते. मे महिन्यात डांबरावर उभी केली तर पाय डांबरात रुततात. घोडीखाली १८ मिलिमीटरच्या प्लायचा मोठा तुकडा टाका आणि तोही सपाट जागेवर. उतारावर काम करायचंच नाही, मग घोडी दहा हजारांची असली तरी.

गगनबावडा-राधानगरी बाजूला तर चाक काढून खाली जांभ्याचा चिरा सारतात. हाताशी असतो, जड असतो, भक्कम वाटतो. पण जांभा आतनं पोकळ छिद्रांचा, कडेला भार आला की कोपरा ढासळतो. सिपोरेक्सच्या, म्हणजे बांधकामातल्या हलक्या सच्छिद्र, ब्लॉकचं तर नावच काढू नका, तो काही न कुरकुरता एकदम फुटतो. "आमच्या आज्ज्यापासनं चिराच लावतोय ओ, काय होत नाही," असं सांगणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांच्या गाडीखालीही शिरत नाही.

घोडी गाडीला कुठं लावायची, यावरही बोलायला हवं. बहुतेक लहान गाड्यांना दरवाजाखाली दोन पत्रे जोडून झालेली उभी पट्टी असते आणि चाकाजवळ तिच्यावर खाचेची खूण असते. जागा तीच. पण घोडीची वरची लोखंडी खोबण त्या पट्टीवर आली की पट्टी वाकते आणि लोखंडावर लोखंड घसरतं. साखर कारखान्याच्या भंगारातला कन्व्हेयर बेल्टचा जाड तुकडा मिळाला तर मध्ये चीर पाडून तो मध्ये घाला, पट्टी चिरेत बसली पाहिजे. सेकंडहँड गाडी असेल तर आधी त्या पट्टीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन पुसून पुढं विकल्या गेल्यात. वरनं चकाचक, खाली पापड. तिथं सगळ्यात चांगली घोडीही पत्र्यातनं वर घुसते.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, झालं काम, असं समजणाऱ्यांसाठी एक बारकावा. पुढची चाकं फिरवणाऱ्या गाडीचं एक पुढचं चाक उचललंत की गिअरची पकड गेली, कारण दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल उचललेल्या चाकाला मोकळं फिरू देतं. तेव्हा गाडीला धरतो तो मागचा हँडब्रेक. उलट मागची दोन्ही चाकं उचलली तर हँडब्रेक हवेत, गाडी धरायला उरतो गिअर. म्हणून दोन्ही करायचं आणि जमिनीवर असलेल्या चाकांना पुढनं-मागनं ठोकळे घालायचे. चाकाचे नट गाडी खाली असतानाच सैल करायचे, वर गेल्यावर पान्यावर जोर लावायचा नाही. घोडीवर भार आला की जॅक काढायचा नाही, तो खाली नुसता टेकलेला राहू दे. हायड्रॉलिक जॅकचं सील कधीही दगा देतं, त्यामुळं एकट्या जॅकवर विसंबून खाली जायचं नाही, पण घोडीच्या जोडीला तो बरा. मग बाहेर उभं राहूनच खटक्याची दांडी हलकेच वर ओढून बघायची. खटका बसलेला असेल तर भारच तिला दाबून धरतो, हलत नाही. हलली, तर गाडी परत उचला. नंतर गाडीला कमरेनं दोन-चार चांगले धक्के द्या. पडायची असेल तर आत्ता पडू दे. काढलेलं चाक आडवं करून पत्र्याखाली सारून ठेवा, ती शेवटची उशी.

भाच्यानं शेवटी काय घेतलं, तर पिनची घोडी. माझंही मत तेच आहे. स्वस्तात घ्यायची तर खटक्याची नको, पिनची घ्या. उंची पायऱ्या-पायऱ्यानं बदलते हा त्रास आहे, पण त्यात झिजायला, अर्धवट बसायला काही नाही. पिन आरपार गेलीय का ते डोळ्यांना दिसतं. पिन हरवली म्हणून भोकात मिळेल तो बोल्ट घालायचा उद्योग मात्र करायचा नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपांच्या वस्तीत, बनवून घ्यावी का, असंही भाचा म्हणाला होता. तिथल्या ओळखीच्या मिस्त्रींना विचारलं. ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "करून देतो की. पण पाइप कुठला आणलायसा ते आधी दावा." भंगारातला गंजका पाइप आणि कसलाही ढाचा घेऊन येणाऱ्यांना ते परत पाठवतात. खटक्याची घोडी तर ते कुणालाच करून देत नाहीत, दाते आणि खटका हातानं बसवून भरवसा येत नाही म्हणतात. पिनची करतात, पाया उंचीच्या मानानं रुंद ठेवून, आणि पायाला चारी बाजूंनी पट्टी फिरवून, म्हणजे पाय मातीत रुतत नाहीत. मजुरी आणि माल धरून ती विकतच्यापेक्षा महाग पडते, त्यामुळं भाच्यानं बेत सोडला.

नुसतं ऑइल बदलायचं असेल तर मी घोडी काढतच नाही. दोन रॅम्पवर पुढची चाकं चढवतो, मागं ठोकळे लावतो, वीस मिनिटांत मोकळा.