पीपलकोटीच्या पुढचा उलटा डोंगर

ऋषिकेश–बद्रीनाथ रस्त्यावर पीपलकोटीच्या आसपास स्लेट, डोलोमाइट, क्वार्टझाइट असे फारसे न भाजलेले खडक दिसतात. हेलंग जवळ आलं की कड्याचा पोतच पालटतो. अभ्रकाचे चमकणारे पापुद्रे, सगळे उत्तरेकडे कललेले, आणि त्यांच्यात डोळ्याच्या आकाराचे फेल्स्पारचे पांढरे दाणे. आम्ही गाडी रुंद वळणावर लावली. "जास्त वेळ थांबू नका भैजी, पावसाळ्यात पहिली दरड इथेच येते," ड्रायव्हरदादा म्हणाले. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. इथला खडक खोलवर असताना कुटला आणि ताणला गेलाय.

१९३६ साली आर्नोल्ड हाइम आणि ऑगस्ट गान्सर या स्विस भूवैज्ञानिकांनी कुमाऊँ-गढवालचा हिमालय पायी धुंडाळला. 'मेन सेंट्रल थ्रस्ट' हे नाव त्यांचंच. थ्रस्ट म्हणजे जिच्यावरून एक डोंगर दुसऱ्यावर सरकत चढतो ती भेग. पुढे भूवैज्ञानिक के. एस. वल्दिया यांनी दाखवलं की खालच्या कमी भाजलेल्या आणि वरच्या तापलेल्या खडकांमधली खरी सीमा वरच्या अंगाला, जोशीमठाजवळच्या वैकृता थ्रस्टवर आहे; हेलंगजवळून जातो तो मुनस्यारी थ्रस्ट. नेमकी रेघ कुठे ओढायची, हा वाद अजून चालतो. मला मात्र कड्यासमोर उभं राहिल्यावर रेघ शोधावीशीच वाटली नाही. मधले कित्येक किलोमीटर सगळेच घसरलेत. पत्त्यांचा जोड तिरका सरकवावा तसे.

घसरण्याची दिशा फेल्स्पारच्या त्या डोळ्यांवरून कळते. प्रत्येक दाण्याच्या दोन्ही टोकांना बारीक शेपट्या असतात, एक वरच्या बाजूने निघालेली, दुसरी खालच्या. अभ्रकाच्या रेषा ज्या दिशेला ओढल्या गेल्यात, त्या दिशेने उभा कापलेला पृष्ठभाग शोधायचा. आडव्या कापावर याच शेपट्या फसवतात. योग्य बाजू सापडली की दाणे एकच गोष्ट सांगतात: वरचा डोंगर दक्षिणेकडे सरकला.

त्याहून विलक्षण गोष्ट जोशीमठ ओलांडल्यावर कळते. जितकं खोल तितकं गरम, हा साधा नियम. इथे चढत जावं तसे जास्त तापलेले खडक भेटतात. वाढती उष्णता ओळखायची ती खनिजांवरून: गार्नेट, मग निळसर कायनाइट, आणि पांडुकेश्वरचा क्वार्टझाइट मागे टाकून बद्रीनाथकडे गेलं की सिलिमनाइट आणि अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला खडक. खोलातला गरम डोंगर थंड डोंगरावर चढून बसलाय. सह्याद्रीत एकावर एक शांत पसरलेले लाव्हाचे थर बघत वाढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

हे घडलं कधी? हेलंगच्या पट्ट्यातल्या नाइस खडकातलं, म्हणजे भाजून-दाबून पट्टेदार झालेल्या ग्रॅनाइटातलं, झिरकॉन हे टिकाऊ खनिज सुमारे १९० कोटी वर्षांचं वय सांगतं. ते मूळ ग्रॅनाइट गोठल्याचं वय. तेव्हा हिमालय नव्हताच. घसरणीचं वय हवं तर घसरताना वाढलेलं खनिज पकडावं लागतं. मोनाझाइट हे असं खनिज. कण मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजण्याइतका, पण त्यात थोरियम आणि युरेनियम असतं. त्यांचं शिसं होत जातं आणि ते सहसा बाहेर निसटत नाही. कण गार्नेटच्या पोटात असेल तर गार्नेटने त्याला पुढच्या उलथापालथीपासून जपलेलं असतं. बाहेर अभ्रकात असेल तर तो नंतरचा असू शकतो. म्हणून खडकाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली न बघता काढलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

हिमालयातल्या या मोठ्या घसरणीची वयं बऱ्याच ठिकाणी दोन-सव्वादोन कोटी वर्षांच्या आसपास येतात. शेजारच्या भागीरथी खोऱ्यात मात्र पट्ट्याच्या खालच्या भागातले मोनाझाइट जेमतेम ६० लाख वर्षांचे निघाले. म्हणजे घसरण एकदाच होऊन थांबली नाही. अभ्रकात पोटॅशियमपासून साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढतात; हे आर्गॉन-घड्याळ आणखी वेगळं. मस्कोव्हाइट, म्हणजे पांढरं अभ्रक, साधारण ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड झाल्यावर ते सुरू होतं, बायोटाइट या काळ्या अभ्रकात ३०० च्या आसपास. त्यातून घसरणीपेक्षा डोंगर वर येऊन निवल्याची वेळ कळते. एकाच हातोडीने काढलेल्या तुकड्यात ही सगळी वयं सोबत नांदतात.

जोशीमठ गाव याच पट्ट्यात, पण जुन्या दरडीच्या सैल मलब्यावर वसलंय. १९७६ साली सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने तिथे मोठी बांधकामं नकोत असं बजावलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये घरांना भेगा पडल्या. त्या भेगा बघताना खडकांचं कौतुक तोंडून निघेना.

जाणार असाल तर पावसाळा संपल्यावर जा. भिंग सोबत ठेवा. आणि हेलंगला कड्याखाली न थांबता पलीकडच्या काठावरून बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात पापुद्र्यांचा कल तिथून चांगला दिसतो.