एक तास बावन्न मिनिटं

सकाळी १० वाजून १२ मिनिटांनी आम्ही पानशेतच्या पाण्याकाठी पोचलो आणि आमची राफ्ट पाण्यात गेली १२ वाजून ४ मिनिटांनी. मधला सगळा वेळ आम्ही तिघं अंगात लाइफ जॅकेट अडकवून, वल्ही मांडीवर घेऊन दगडांवर बसून होतो. पायी, सायकलने आणि राफ्टने करायची ही शर्यत होऊन पाच आठवडे झाले. पायाची दोन काळी नखं सोडली तर अंगावर काही खूण उरलेली नाही, पण ते बसणं डोक्यातून जात नाही. शर्यतीचं नाव मी लिहीत नाही, कारण मला कुणाची बदनामी करायची नाही. अशा शर्यतीत पहिल्यांदा उतरणाऱ्याला कुठे सावध राहायचं ते कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे.

आमची टीम घरचीच. मी ४७ वर्षांची, माझी नणंद ४३ ची आणि तिचा मुलगा २० चा. तिघांची मिक्स्ड टीम, म्हणजे निदान एक बाई आणि एक पुरुष हवा. नियम असा की तिघांनी सतत एकमेकांच्या नजरेत राहायचं आणि प्रत्येक चेकपॉइंटला, म्हणजे वाटेवरच्या नोंदीच्या ठिकाणी, एकत्र हजेरी लावायची. एक जण जरी मागे राहिला तरी टीम पुढे गेली असं धरत नाहीत. पहाटे साडेपाचला सिंहगडाच्या दक्षिणेला कल्याण गावातून सुरुवात, कल्याण दरवाजाने गडावर, आतकरवाडीने खाली, तिथून सायकलने पानशेत, मग पाण्यात ४ किलोमीटर, पुन्हा सायकलवर खानापूरकडे, रांजण्यावरून पाबे घाट आणि शेवट वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी. वेळ संध्याकाळी साडेसातपर्यंत.

गड झाला तो कळलाही नाही. चार महिने आठवड्यातून दोनदा सिंहगड केला होता, त्याचं फळ मिळालं. डिसेंबरची थंडी, डोक्याला बॅटरी, कल्याण दरवाजाच्या दोन कमानींखालून गेलो तेव्हा झुंजुमुंजू होत होतं. उतरताना मात्र रविवारची सगळी पुण्याची माणसं वर चढत होती, त्यांच्या मधून वाट काढताना दहा मिनिटं गेली असतील. आतकरवाडीत सायकली आदल्या रात्री टेम्पोने येऊन पडल्या होत्या. एक सांगते, सायकल टेम्पोत देण्याआधी चाकातली हवा थोडी कमी करा आणि पंप मात्र स्वतःजवळ ठेवा. आमच्या शेजारच्या टीमचा पंप सायकलबरोबर टेम्पोत गेला होता आणि तो कुणाच्या सामानात मिसळला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आता पाण्याकाठचं.

राफ्ट नऊ होत्या. रबरी, तिघांच्या. एका टीमला फेरी मारून यायला साधारण तास लागत होता. आम्ही पोचलो तेव्हा नऊच्या नऊ पाण्यात होत्या आणि आमच्यापुढे काठावर सतरा टीम. हिशोब कुणालाही करता येईल. पुढच्या तासात नऊ टीम जाणार, त्यापुढच्या तासात उरलेल्या आठ आणि मग आम्ही. ज्या नऊ टीम सगळ्यात आधी आल्या त्यांना रांग दिसलीच नाही. त्यांच्यानंतर दहा मिनिटांनी आलेल्यांना ती दिसली आणि आमच्यासारख्यांना तर दोन तासांची दिसली. एकदा असं झालं की शर्यत तिथेच दुभंगते. पुढे तुम्ही कितीही जोरात वल्हवा, ते अंतर तुमच्या पायांनी पडलेलं नसतं.

आदल्या संध्याकाळच्या मीटिंगमध्ये हे भरवणाऱ्यांनी सांगितलं होतं. ‘पाण्यावर थोडं थांबावं लागेल, पण रांगेतला वेळ एकूण वेळेतून वजा होईल.’ ही पद्धत अशी. रांगेत आलात की आत येण्याची वेळ लिहायची, बोटीत बसलात की बाहेर पडण्याची, मधला वेळ वजा. त्यामुळे पहिली वीस मिनिटं आम्ही शांत होतो. माझ्या भाच्याने तर चांगला आराम होतोय म्हणून पाय पसरले.

बसून राहण्याचा त्रास काय असतो तो नंतर कळतो. गड उतरून सायकल मारून आलेलं अंग तापलेलं असतं. ते थांबलं की आखडतं. पाऊण तासाने मी उठायला गेले आणि उजव्या पोटरीत असा गोळा आला की नणंदेने पाय धरून अंगठा मागे ओढला तेव्हा कुठे सुटला. वर ऊन, सावली कुठेच नाही, कारण धरणाचं पाणी उतरलं की काठाला नुसते दगड आणि वाळलेला चिखल उरतो. तहान लागली म्हणून आम्ही पाणी पीत राहिलो आणि पुढच्या सायकलसाठी ठेवलेलं पाणी तिथेच संपत आलं. म्हणून रांगेत बसायची वेळ आलीच तर दर दहा मिनिटांनी उठा, चाला, पोटऱ्या ताणा. आणि खा. भूक लागली नसली तरी खा. आमच्याकडे मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की होती. चिक्की उन्हात विरघळून कागदाला चिकटते, तेव्हा छोटे तुकडे करून डबीत न्या.

त्या बसण्यात नणंद एकदम म्हणाली, “वहिनी, आई सांगायची ना, हेच पाणी.” माझ्या सासूबाई १२ जुलै १९६१ ला नारायण पेठेत होत्या, सहा वर्षांच्या. पानशेत फुटलं त्या दिवशी वडिलांनी त्यांना खांद्यावर घेऊन उंचावर नेलं होतं. घरातली पितळी घागर तेवढी परत मिळाली, तीही कुठल्यातरी दुसऱ्याच वाड्यात. धरण पुन्हा बांधलं गेलं, पण सासूबाई आयुष्यात कधी पानशेतला आल्या नाहीत. आम्ही बोलावलं तरी नाही. भाचा हे पहिल्यांदाच ऐकत होता. बराच वेळ तो पाण्याकडेच बघत राहिला.

काठावर वेळा लिहायला एक कॉलेजातली मुलगी होती. तिच्याकडे छापील तक्ता होता, पण तो सकाळीच भिजून लगदा झाला होता, म्हणून ती स्वतःच्या वहीत लिहीत होती. लहान, चौकटीची, गणिताची असते तशी वही. माझ्यासमोर तिने आमचा नंबर लिहिला, ४७, आणि त्यापुढे १०.१२. मी भाच्याला म्हटलं, आपल्या टीमच्या नोंदीच्या कार्डावर पण लिहून घे रे आणि तिची सही घे. तो म्हणाला, “मामी, लिहिलंय ना तिने, कशाला त्रास द्यायचा.” मीही सोडून दिलं. इथे आमची चूक झाली आणि ती मी ठळक करून सांगते. आपल्या कार्डावर आत येण्याची आणि बाहेर पडण्याची वेळ लिहून घ्या, समोर सही घ्या आणि मगच बोटीत पाय टाका. फोटो काढू असं म्हणाल तर फोन सीलबंद पाकिटात असतो. सील तुटलं तर टीम बाद.

राफ्टचं थोडक्यात. दोघं पुढे डाव्या-उजव्या बाजूला आणि जो सगळ्यात शांत डोक्याचा तो मागे, दिशा धरायला. आमच्याकडे नणंद मागे होती. पहिली दहा मिनिटं आम्ही गोल फिरत होतो, कारण भाच्याचा जोर माझ्या दुप्पट. मग ती मागून ‘एक, दोन’ म्हणायला लागली आणि राफ्ट सरळ झाली. परत आलो तेव्हा १ वाजून ९ मिनिटं झाली होती.

सायकली काठापासून चार-पाचशे पावलं वर होत्या. शूज घालून वर पोचलो १ वाजून १६ मिनिटांनी. तिथल्या मार्शलने, म्हणजे शर्यतीच्या वेळा तपासणाऱ्या माणसाने, घड्याळ बघितलं, आमच्या कार्डावर रेघ मारली आणि म्हणाला, “कट-ऑफ एक वाजता होता मॅडम. तुम्ही शॉर्ट कोर्स. खानापूरला जाऊन थांबा.”

कट-ऑफ म्हणजे तिथे पोचायची शेवटची वेळ. ती चुकली, म्हणजे पाबे घाट नाही, वेल्हे नाही, शर्यत पूर्ण केल्याची नोंद नाही. सोळा मिनिटांसाठी, आणि ज्यांनी आम्हाला एकशेबारा मिनिटं बसवून ठेवलं त्यांच्याकडून! मी त्याला सांगितलं की रांगेतला वेळ वजा व्हायला हवा. तो म्हणाला, तो एकूण वेळेतून होतो, कट-ऑफमधून नाही. मी विचारलं, मग रांग तीन तासांची असती तर? त्याच्याकडे उत्तर नव्हतं आणि त्याचा तरी काय दोष, त्याला वरून कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. पण तेव्हा मला एवढं सुचत नव्हतं. माझा आवाज चढला. मला रडूही येत होतं. पहाटे तीनला उठून, चार महिने घरचं सगळं सांभाळून तयारी केलेली.

नणंदेने माझा दंड धरला. “वहिनी, तुम्ही ओरडू नका. लेखी दाखवू.” ती कोषागार कार्यालयात वीस वर्षं नोकरी करते, कागद कसा मागायचा आणि कसा दाखवायचा ते तिला कळतं. तिने मार्शलला एवढंच विचारलं, की पाण्याची नोंद आणून दाखवली तर तुमच्या वरिष्ठांना बोलवाल का. तो हो म्हणाला. वॉकीटॉकीवर काठावरची मुलगी लागेना, मध्ये टेकाड येत होतं. भाचा पळत जायला निघाला तर आठवलं की टीमपासून लांब जाता येत नाही. मग तिघंही पुन्हा खाली उतरलो, ओल्या शूजमध्ये, दुखत्या पोटरीने.

मुलीला जागा सोडता येत नव्हती. अजून टीम रांगेत होत्या. तिने त्यांचे नंबर हातावर लिहून घेतले आणि वही आमच्याकडे दिली. “परत द्या हं काकू, सगळं त्यातच आहे.” चढताना मी ती उघडून बघितली. निळ्या शाईत एकाखाली एक आकडे, वरचा कोपरा भिजून फुगलेला. ४७, १०.१२, १२.०४. शेवटच्या चारची शेपटी पाण्याने पसरली होती, पण वाचता येत होता.

वरिष्ठ मोटारसायकलवरून आले. त्यांनी पूर्ण पान वाचलं, मागची पानंही वाचली आणि १ वाजून ५८ मिनिटांनी आमच्या कार्डावरची रेघ खोडून सही केली. एवढंच नव्हे, रांगेत बसलेल्या सगळ्या टीमचा कट-ऑफ तेवढ्याच वेळाने पुढे ढकलला. आमच्या मागून येणाऱ्यांना त्यामुळे काही सांगावं लागलं नाही, ह्याचा मला फार अभिमान आहे. पण आमच्या आधी दोन टीम खानापूरला रवाना झाल्या होत्या. त्यातली एक तिघी मुलींची, रांगेत आमच्या पुढेच बसलेली. त्यांना परत बोलावता आलं नाही. त्यांनी वाद घातला नाही, निमूट निघून गेल्या, म्हणून त्यांची शर्यत गेली. मला ह्याचंच सगळ्यात वाईट वाटतं.

भरवणाऱ्यांनी हे वाचलं तर माझी एकच मागणी आहे. जिथे रांग होणार हे आदल्या दिवशीच माहीत आहे, तिथे पुढचा कट-ऑफ प्रत्येक टीमच्या रांगेच्या वेळेने सरकला पाहिजे आणि तो कागद पुढच्या मार्शलच्या हातात सकाळीच असला पाहिजे. नाहीतर निम्म्या टीमना आधी पाण्यावर आणि निम्म्यांना आधी गडावर पाठवा, म्हणजे नऊ राफ्टही पुरतील.

पाबे घाट भर उन्हात चढलो. वळणावळणांवर उतरून सायकल ढकलली, त्यात कमीपणा काही नाही, ढकलणारे बरेच होते. घाटाच्या आधी भाच्याच्या मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. ट्यूब बदलायला सात मिनिटं लागली, कारण घरी डोळे मिटून बदलायचा सराव केला होता. बाटल्या रांजण्याला एका घरी भरून घेतल्या. खिंडीत पोचलो आणि तोरणा समोर आला, उन्हं कलती होती, तेव्हा मात्र मी पहिल्यांदा मनापासून हसले. वेल्ह्यात ६ वाजून २० मिनिटांनी तिघं हात धरून आत आलो.

निकालपत्रात आमचा वेळ १० तास ५८ मिनिटं आहे. रांगेचे एक तास बावन्न मिनिटं वजा झाले. १ वाजून १६ पासून १ वाजून ५८ पर्यंतची, वाद घालण्यात गेलेली ४२ मिनिटं वजा झाली नाहीत. त्याची मेल मी दोनदा पाठवली आहे आणि दुसऱ्या मेलमध्ये त्या दोन टीमबद्दलही लिहिलं आहे. अजून उत्तर नाही. उत्तर येईपर्यंत दर सोमवारी पाठवणार आहे.

आणि हो, एक राहिलं. पाण्यानंतर घालायला कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत सायकलला बांधून ठेवा, पाठीवरच्या पिशवीत नको, ती राफ्टमध्ये भिजते. ओल्या मोज्यांनी घाट चढलात तर टाचांना फोड येणारच. डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट तिघांचं वेगवेगळं लागतं, त्यावर तारीख तीस दिवसांच्या आतली असावी, आमच्याकडून तरी तशीच मागितली.