चहूकडे समुद्र, मग पाण्याची चिंता कसली?

बेटांवरच्या भूजलाचे काम मी बरीच वर्षे केले असल्यामुळे एक प्रश्न मला लग्नकार्यात, प्रवासात आणि व्याख्यानानंतरही हमखास विचारला जातो: चारी बाजूंनी समुद्र असलेल्या देशाला पाण्याची कसली चिंता, यंत्रे लावून ते पाणी गोडे का करून घेत नाहीत? तुम्हीही तेच विचारलेत आणि उभ्याउभ्या दिलेले दोन वाक्यांचे उत्तर माझे मलाच अपुरे वाटले, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. यंत्रे लागतातच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण बेटाच्या पोटात जे गोडे पाणी असते ते नासू देऊन यंत्रांच्या भरवशावर राहणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे आहे.

मी मालवणची. सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी लहानपणापासून प्यायलेले, त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोडे पाणी सापडते याचे मला नवल नव्हते. पण तो किल्ला खडकावर उभा आहे. मी जिथे काम केले ती प्रशांत महासागरातल्या किरिबास या बेटांच्या देशाची राजधानी, दक्षिण तारावा, ही प्रवाळाच्या वाळूची एक अरुंद पट्टी आहे. सुमारे १६ चौरस किलोमीटर जमीन, तिच्यावर साठ हजारांहून अधिक माणसे, समुद्रसपाटीपासूनची उंची बहुतेक ठिकाणी तीन मीटरांच्या आत, आणि नदी, ओढा, तळे यांपैकी काहीही नाही. वर्षाकाठी सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण ला निन्याच्या काळात, म्हणजे प्रशांत महासागराच्या मधल्या भागातले पाणी नेहमीपेक्षा थंड होते तेव्हा, तो महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही.

पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने त्याच्यावर तरंगत राहतो. मध्ये जाड आणि कडेला पातळ अशा त्याच्या आकारामुळे आम्ही त्याला भिंग म्हणतो. डच अभियंते गायबेन यांनी १८८८ मध्ये आणि जर्मन अभियंते हर्ट्सबर्ग यांनी १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला हिशेब असा की, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर असेल, त्याच्या साधारण चाळीस पट ते खाली पोचलेले असते. ऐकायला हे वैभव वाटते, पण हाच हिशेब उलटा लावून पाहावा. उपसा करून वरची पातळी चार बोटे उतरवली, तर भिंगाचा तळ कालांतराने तीनेक मीटर वर सरकतो. प्रत्यक्षात परिस्थिती याहून नाजूक असते, कारण वाळूच्या थराखाली जुना, पोकळ्यांनी भरलेला चुनखडक असतो, त्यातून भरती-ओहोटी आत शिरते आणि तळाशी गोडे-खारे एकमेकांत मिसळून मचूळ पाण्याचा जाड थर तयार होतो.

म्हणूनच अशा ठिकाणी बोअर मारून मोठा पंप बसवणे हा गुन्हाच समजला पाहिजे. पंपाच्या नेमक्या खाली खारे पाणी सुळक्यासारखे वर चढते आणि मग पंप बंद केला तरी ते लगेच खाली बसत नाही. दक्षिण तारावाच्या एका टोकाला, विमानतळाला लागून, बोनरिकी नावाची जागा आहे. तिथे पाण्याच्या पातळीच्या थोडेसेच खाली लांबच लांब आडवे, भोके पाडलेले पाइप पुरलेले आहेत. त्यांत हळूहळू झिरपणारे पाणी मधल्या विहिरीत जमते आणि तेवढेच लहान पंपाने उचलले जाते. दुधावरची साय खालच्या दुधाला धक्का न लावता काढावी, तशी ही रीत आहे.

शहराला पाणी पुरवणारी बोनरिकी आणि शेजारचे बुओटा ही भिंगे राखीव ठेवावी लागली, कारण वस्ती वाढलेल्या भागांतली भिंगे हातची गेली होती. एका घरी मी विहिरीचे पाणी तपासत होते. जमिनीपासून पाणी जेमतेम दीड मीटर खाली, विहिरीला जुन्या पिंपाचे कडे, दहा पावलांवर डुकरे बांधलेली आणि त्याच्या पलीकडे संडास. घरच्या बाईंनी मला दोन बादल्या दाखवल्या: विहिरीची धुण्याभांड्यांसाठी, पावसाच्या टाकीची पिण्यासाठी. टाकी संपली की विहिरीचेच पाणी उकळून प्यायचे. वाळूतून मैला गाळला जाईल इतका अवधीच तिथे मिळत नाही, त्यामुळे संडास कुठे आणि कसे बांधायचे हा तिथे पाण्याचाच प्रश्न असतो.

पण बोनरिकीची जमीन मोकळी राखायची म्हणजे कोणाची तरी जमीन अडवायची, हे मला तिथे गेल्यावर कळले. तिथल्या जमिनी कुटुंबांच्या मालकीच्या आहेत. सरकार मालकांना भाडे देते, पण घर बांधायचे नाही, जनावरे ठेवायची नाहीत, ही बंधने पिढ्यान्‌पिढ्यांची असतात. एका वृद्ध गृहस्थांनी मला आपला बबाईचा खड्डा दाखवला होता. बबाई म्हणजे आपल्या अळूच्या जातीचा मोठा कंद. पाणी लागेपर्यंत खड्डा खणून त्याच्या तळाशी तो लावतात, आणि सणासमारंभाला त्याच्यावाचून चालत नाही. शहरासाठी हे सोडायचे तर मुलांना काय दाखवू, असे त्यांनी विचारले तेव्हा माझ्याकडचे सगळे नकाशे निरुपयोगी होते. मालकांना व्यवस्थेत मानाने सामील करून न घेता आखलेली पाण्याची योजना कागदावरच राहते, हे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

आता यंत्रांविषयी. प्रशांत महासागरातल्याच तुवालू देशाच्या फुनाफुटी बेटावर भूजल वापरण्याजोगे उरलेले नाही, सगळी भिस्त छपरावरच्या पावसावर. सप्टेंबर २०११ मध्ये पाऊस रुसला, टाक्या कोरड्या पडल्या, आणीबाणी जाहीर झाली आणि घरटी दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागले. तेव्हा न्यूझीलंडमधून विमानाने आलेल्या क्षारमुक्तीच्या यंत्रांनी लोकांना तारले, हे मी कृतज्ञतेने मान्य करते. पण ४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवच्या राजधानीत, मालेमध्ये, अशाच प्रकल्पात आग लागली आणि सुमारे एक लाख लोकांच्या नळाचे पाणी गेले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचवले. मालेचे स्वतःचे भिंग अतिउपशाने आणि सांडपाण्याने कधीच नासलेले असल्यामुळे, विहिरीकडे परत वळण्याची वाट त्या लोकांना उरली नव्हती. शिवाय समुद्राचे हजार लिटर पाणी गोडे करायला चांगल्या यंत्रालाही तीन-चार युनिट वीज लागते, ती वीज अशा देशांत बहुधा आयात केलेल्या डिझेलवर तयार होते, आणि बिघडलेला एखादा भाग पुढच्या जहाजाने येईपर्यंत थांबावे लागते. पावसाची टाकी काही आठवड्यांत रिकामी होते, राखलेले जाड भिंग मात्र लांबलेल्या दुष्काळातही साथ देते. म्हणून मी यंत्र, टाकी आणि भिंग ही तिन्ही ठेवा म्हणते, पण पहिली राखण भिंगाची.

ही राखण कशी होते तेही सांगते. बोनरिकीत जागोजागी वेगवेगळ्या खोलीच्या बारीक नळ्या एकत्र पुरलेल्या आहेत. ठरावीक काळाने प्रत्येक नळीतले पाणी बाटलीत काढायचे, त्यात मीटर बुडवायचा आणि क्षारतेचा आकडा वहीत लिहायचा. सर्वांत खोल नळीचे पाणी खारे निघणारच. आमचे लक्ष मधल्या नळ्यांवर असे. त्यांचा आकडा लागोपाठ चढू लागला की पंपाचे तास कमी करायचे, आणि नेमक्या त्याच दिवसांत, पाऊस नसल्यामुळे, शहराला जास्त पाणी हवे असायचे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत वही घेऊन जाऊन ते सांगणे, हे माझ्या कामातले सर्वांत अवघड काम होते.